वाऱ्याचें माप आणि पतंगाचें माप

मुलाला शाळेचा नवा सदरा शिवावयाचा झाला म्हणजे आपल्याकडील घरांतून शिंप्याला एक सूचना हमखास दिली जाते : "जरा वाढत्या अंगाचा शिवा." कपडा दोन वर्षें तरी पुरावा, ही त्यामागील दृष्टि. काटकसरीच्या संसारांत ती योग्यच आहे. परंतु एक वस्तु अशी आहे कीं ती वाढत्या अंगाची घेतली असतां पैसा वांचत नाहीं, उलट हाड मोडण्याची वेळ येते. ती वस्तु म्हणजे माणसाला ओढून नेणारा पतंग.

संक्रांतीचा पतंग सर्वांच्याच परिचयाचा आहे. येवल्यास तर भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस सारें गांव गच्चीवर असतें, आणि प्रत्येकाच्या हातीं आसारी फिरत असते. त्या पतंगाची मौज माणसानें पतंगाला खेळविण्यांत आहे. ज्या पतंगाविषयीं येथें बोलावयाचें, तो माणसालाच खेळवितो. त्याला 'पॉवर काइट' म्हणतात. त्यास कामट्या नसतात, शेपूट नसतें. तलम नायलॉनच्या कापडाचे दोन थर एकावर एक धरून त्यांमध्यें उभे कप्पे शिवलेले असतात. पुढील तोंडांतून वारा आंत शिरला कीं ते कप्पे फुगतात आणि विमानाच्या पंखासारखा आकार तयार होतो. कप्प्यांची ही युक्ति अमेरिकेंतील डोमिना जॅल्बर्ट या गृहस्थांनीं १९६० नंतरच्या दशकांत सिद्ध केली. कामशेतच्या डोंगरांवरून जे पॅराग्लायडर उडतात, त्यांचे पंख याच जातीचे. पतंगाला वीस-पंचवीस मीटर लांबीच्या दोन किंवा चार दोऱ्या असतात आणि त्यांच्या टोंकांना हातांत धरावयाच्या मुठी. खेळणारा उभा राहतो तो एका लांबट फळीवर. फळीखालीं हवा भरलेलीं चार चाकें आणि वर पावलें अडकविण्यासाठीं पट्टे. हिला 'लँडबोर्ड' हें नांव आहे. तिला सुकाणू नाहीं. अंगाचा भार टांचेवर किंवा चवड्यावर टाकून ती वळवावयाची. समुद्रांतील शिडाच्या होडीचा हा जमिनीवरील धाकटा भाऊ समजावा.

खेळ नवा दिसतो खरा, पण त्याचा मूळपुरुष एक शाळामास्तर होता. इंग्लंडांतील ब्रिस्टल येथें शाळा चालविणाऱ्या जॉर्ज पोकॉक यानें १८२६ सालीं पतंगांनीं ओढल्या जाणाऱ्या गाडीचें पेटंट घेतलें आणि पुढील वर्षीं या विद्येवर ग्रंथही प्रसिद्ध केला. गाडीला घोडा नसल्यामुळें टोलनाक्यावर पैसे मागण्याचीही पंचाईत होत असे, असें सांगतात. याच पोकॉकनें आपल्या मार्था नांवाच्या मुलीला खुर्चींत बसवून पतंगाच्या जोरावर उंच चढविलें होतें. ही मार्था पुढें क्रिकेटचा महापुरुष डब्ल्यू. जी. ग्रेस याची आई झाली. त्या दिवशीं वाऱ्याचा एखादा झोत वेडावांकडा आला असता तर क्रिकेटचा इतिहास निराळा लिहावा लागला असता! मास्तरांच्या धाडसाचें कौतुक करावें, अनुकरण मात्र करूं नये. त्यांच्या गाडीची एक गोष्ट मात्र लक्षांत ठेवण्यासारखी आहे. ओढ वाढली तर पतंगाचा कल बदलून ती कमी करतां यावी, यासाठीं त्यांनीं निराळ्या दोऱ्या लावल्या होत्या. पतंगाचा आकार आणि त्याचा जोर या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें त्यांना ठाऊक होतें.

आतां निघोजे गांवाकडे वळूं. हें निघोजे म्हणजे पारनेर तालुक्यांतील रांजणखळग्यांचें प्रसिद्ध निघोज नव्हे. तें कुकडीच्या कांठीं. हें निघोजे पुणें जिल्ह्याच्या खेड तालुक्यांत, चाकणच्या औद्योगिक पट्ट्यांत, देहू आणि आळंदी यांच्या दरम्यान इंद्रायणीच्या बाजूस वसलेलें आहे. फोक्सवागन, मर्सिडीज-बेंझ, महिंद्र यांसारख्या मोटारींच्या कारखान्यांच्या पत्त्यांत या गांवाचें नांव येतें. समजा, अशाच एखाद्या कारखान्यांत काम करणारा पंचवीस वर्षांचा एक तरुण आहे. वजन सत्तर किलो, प्रकृति उत्तम, पोहणें-सायकल यांचा सराव. गोव्यास सुट्टीला गेला असतां मोरजीच्या किनाऱ्यावर त्यानें पतंगाच्या ओढीनें पाण्यावरून सरकत जाणारे लोक पाहिले. पाण्याचा किनारा आपल्याकडे नाहीं, पण मोकळी जमीन तर आहे, असा विचार करून त्यानें चाकांची फळी आणि पतंग घेण्याचें ठरविलें. येथवर सारें ठीक आहे. पहिली चूक पुढील पायरीवर होते.

गोव्यास त्यानें चौकशी केली तेव्हां पतंगाचें माप कळलें, नऊ ते बारा चौरस मीटर. तेंच माप डोक्यांत ठेवून तो बाजारांत पाहूं लागतो. परंतु पाण्यावरील गणित वेगळें आहे. पाणी फळीला धरून ठेवतें. माणसाला पाण्यांतून उपसून वर काढावयाचें म्हणजे मोठाच पतंग हवा. शिवाय त्या पतंगांना दांडी सैल सोडतांच जोर कमी होण्याची सोय असते आणि माणूस पडला तर पाण्यावर पडतो. जमिनीवर चाकें फिरूं लागलीं कीं फारशी ओढ लागत नाहीं, आणि पडावयाचें तें मुरुमावर. म्हणून पाण्यावरील मापाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शानें जमिनीवरील आरंभ करावा लागतो. सत्तर किलो वजनाच्या नवशिक्याला तीन चौरस मीटरचा पतंग, तोही ताशी वीस-पंचवीस किलोमीटरच्या वाऱ्यांत, एवढेंच पुरेसें आहे. दुकानांत टेबलावर पसरलेला तीन मीटरचा पतंग एखाद्या पलंगपोसाएवढा दिसतो, आणि त्या तरुणाच्या मनांत येतें, हा मला काय ओढणार?

हा किती ओढतो तें पाहण्यासाठीं थोडा हिशेब करावा लागेल. श्रोत्यांनीं कंटाळूं नये. शाळेंतील त्रैराशिकापलीकडचें त्यांत कांहीं नाहीं.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणें वाढतो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. पुण्याच्या आसपासच्या उंचीवर एक घनमीटर हवेचें वजन सुमारें एक किलो शंभर ग्रॅम धरलें, तर ताशी २० किलोमीटरच्या वाऱ्याचा दाब दर चौरस मीटरला सुमारें पावणेदोन किलो भरतो. पतंगाची ओढ ढोबळमानानें तितकीच मानूं. तीन चौरस मीटरच्या पतंगाची ओढ झाली सव्वापांच किलो. बाजारांतून आणलेल्या भाजीच्या पिशवीएवढी! तरुणाची शंका खरी ठरली असें वाटतें.

पण हा हिशेब पतंग आकाशांत एका जागीं उभा असतांनाचा आहे. मुठींपैकीं एक ओढून पतंग वाऱ्याच्या ऐन धारेंतून आडवा पळविला, म्हणजे तो स्वतःच्याच वेगानें हवा कापीत जातो आणि त्याच्या कापडावर लागणारा वारा मूळ वाऱ्याच्या दुप्पट-तिप्पट होतो. सव्वापांच किलोंचे मग वीस किलो होतात, आणि तिप्पट वेगाला सत्तेचाळीस. हें घडावयास दोन सेकंदही लागत नाहींत. पांच चौरस मीटरचा पतंग असेल तर हीच ओढ जवळजवळ ऐंशी किलो होईल, म्हणजे त्या तरुणाच्या स्वतःच्या वजनाहून अधिक. सात मीटरचा असेल तर शंभरावर. ज्याला पतंग धारेंत कधीं शिरला हें अजून कळत नाहीं, त्याच्या हातून तो चुकूनच शिरणार, आणि चुकून शिरलेल्या पतंगाची ओढ सर्वांत मोठी असते. संक्रांतीच्या पतंगानें गोता खाल्ला तर पतंग फाटतो. या पतंगानें गोता खाल्ला तर माणूस फाटतो, असें म्हणावयास हरकत नाहीं.

यापुढें झोताचा प्रश्न. वर्तमानपत्रांत 'वारा ताशी २० किलोमीटर' असें वाचलें तर तो सरासरीचा आंकडा असतो, आणि वेधशाळेच्या रिवाजाप्रमाणें जमिनीपासून दहा मीटर उंचीवरचा. पतंग त्याहूनही वर उडतो, आणि वर वारा अधिक असतो. समुद्रावरून येणारा वारा एकसारखा असतो. देशावरचा वारा टेंकड्या, झाडें, इमारती यांना अडखळत येतो, म्हणून त्याची चाल लंगडी. वीसचा वारा क्षणभर तीसचा होणें ही रोजची गोष्ट आहे. वेग दीडपट म्हणजे ओढ सव्वादोनपट. धारेंत पळणाऱ्या तीन मीटरच्या पतंगाची सत्तेचाळीस किलोंची ओढ त्या क्षणीं शंभराच्या पलीकडे जाते. पांच मीटरच्या पतंगाचा आंकडा काढूंच नये हें बरें. यावरून एवढें स्पष्ट होईल कीं पतंग निवडावयाचा तो सरासरी वाऱ्याला पाहून नव्हे, तर त्या दिवशीं येऊं शकणाऱ्या सर्वांत मोठ्या झोताला पाहून. मोटारींच्या गांवांतील तरुणाला ही गोष्ट अवघड वाटूं नये. मोटारीचा जोर चालकाच्या पायाखालीं असतो. येथें तो वाऱ्याच्या हातीं आहे, आणि वाऱ्यानें वाहन चालविण्याचा परवाना काढलेला नाहीं.

निघोजे येथें या झोतांना आणखी एक कारण आहे. कारखान्यांच्या प्रचंड शेडी वाऱ्याच्या वाटेंत आडव्या उभ्या आहेत. उंच भिंतीवरून उडी मारून आलेला वारा तिच्या उंचीच्या दसपट अंतरापर्यंत, कधीं त्याहूनही पुढें, भोंवऱ्यासारखा गरगरत राहतो. पंधरा मीटर उंचीची शेड असेल तर तिच्या आडोशाकडील दीडशें मीटर जागा पतंगाच्या दृष्टीनें निरुपयोगी समजावी. तेथें पतंग क्षणांत फुगतो, क्षणांत मिटतो आणि पुन्हां फुगला कीं भलत्याच दिशेला असतो. वाऱ्याच्या बाजूला काय आहे हें लोक पाहत नाहींत, पायाखालची जमीन तेवढी पाहतात. आणि विजेच्या तारांविषयीं तर वाद घालण्याचें कारणच नाहीं. तारा, रस्ता किंवा कंटेनरची वर्दळ जवळ असेल ती जागा सोडून द्यावी, मग जमीन कितीही गुळगुळीत असो.

जमिनीचाही पतंगाच्या मापाशीं संबंध आहे, आणि तो बहुतेकांच्या ध्यानांत येत नाहीं. कठीण, सपाट मुरुमावर चाकें सहज फिरतात. उंच गवतांत, भुसभुशीत मातींत किंवा नांगरलेल्या रानांतील ढेंकळांत तीं रुततात. चाकण हा कांद्याचा मुलूख. कांदा काढून मोकळें झालेलें शेत दुरून सपाट दिसतें, पण त्यांत पाऊल टाकलें कीं घोट्यापर्यंत माती. (शेत मोकळें दिसलें म्हणून तें बेवारशी नसतें, मालकाला विचारल्याखेरीज त्यांत शिरणें बरें नव्हे.) अशा जमिनीवर तीन मीटरचा पतंग फळीला हलवीत नाहीं, आणि तरुणाची खात्री पटते कीं पतंग लहान पडला. तो पांच मीटरचा आणतो. पांच मीटरचा पतंग फळीला रुतलेल्या जागेंतून उपटून काढतो खरा, परंतु एकदां चाकें फिरूं लागलीं कीं जी ओढ चाकें सोडविण्यासाठीं लागली ती सारी वेगांत जमा होते. अशा वेळीं पतंग बदलूं नये, जमीन बदलावी.

ऋतूचाही विचार हवा. जून ते सप्टेंबर पश्चिमेचा वारा भरपूर असतो, पण जमीन चिखलाची. हिंवाळ्यांत जमीन कोरडी, पण वारा बहुधा मंद. मार्चपासून पुढें दुपारनंतर पश्चिमेचा वारा जोर धरतो आणि जमीनही टणक असते. तेव्हां सोयीचे दिवस हेच. पण याच दिवसांत वळीव येतो. आकाशाच्या एका कोपऱ्यांत काळा ढग उठतो, हवा क्षणभर मुळींच पडते, आणि मग धुळीचा लोट घेऊन वारा असा येतो कीं पत्रे उडतात. त्या वाऱ्याला तीन मीटरचा पतंग लहान नाहीं आणि दीड मीटरचाही नाहीं. ढग दिसतांच पतंग खालीं घेऊन त्यावर माती टाकावी, दोऱ्या गुंडाळाव्यात आणि घरीं जावें. 'अजून दहा मिनिटें आहेत' हा हिशेब वळवापुढें चालत नाहीं.

वारा मोजण्याचें हातांत मावणारें यंत्र मिळतें, आणि तें जरूर घ्यावें. पण यंत्र नसलें तरी डोळे आहेत. झाडांचीं पानें आणि बारीक डहाळ्या सारख्या हालत असतील, हलकें निशाण पसरलें असेल, तर वारा ताशी १२ ते १९ किलोमीटर. धूळ आणि कागदाचे कपटे उडूं लागले, लहान फांद्या हालूं लागल्या कीं २० ते २८. पालवीनें भरलेलीं लहान झाडें डोलूं लागलीं कीं २९ ते ३८. ही श्रेणी इंग्रजी आरमारांतील ब्यूफोर्ट या अधिकाऱ्यानें १८०५ सालीं शिडाच्या जहाजांसाठीं रचली. जमिनीवरील खुणा तिला मागाहून जोडल्या गेल्या. नवशिक्या तरुणाची जागा मधल्या पायरीवर आहे, कपटे उडतात पण झाडें डोलत नाहींत तेथें. त्याच्या खालच्या पायरीवर तीन मीटरचा पतंग फळी ओढणार नाहीं. त्या दिवशीं फळी बाजूला ठेवून नुसता पतंग हाताळावा. वरच्या पायरीवर पिशवीची चेन उघडूंच नये. शरीर हलकें, म्हणजे पन्नास किलोंच्या आसपास असेल तर पतंग दोन ते अडीच मीटरचा घ्यावा. नव्वद किलोंच्या गृहस्थाला साडेतीन ते चार चालेल. वजनाप्रमाणें माप वाढतें तें एवढेंच. धैर्याप्रमाणें तें वाढवूं नये.

खरें पाहतां पहिले कांहीं आठवडे फळीची गरजच नाहीं. दीड-दोन चौरस मीटरचा दोन दोऱ्यांचा पतंग घेऊन उघड्या जमिनीवर उभें राहावें आणि तो डोक्यावर स्थिर ठेवणें, डावी-उजवीकडे नेणें, खालीं उतरविणें एवढेंच शिकावें. कामशेतलाही शिकाऊ माणसाला आधीं सपाट जमिनीवर पंख फुगवून सांभाळावयास लावतात. डोंगर मागाहून येतो. पतंग पाठीमागून येणाऱ्या वाऱ्याच्या ऐन समोर उठवूं नये, बाजूच्या कडेला उठवावा, म्हणजे उठतांना तो झटका देत नाहीं. हातांनीं न पाहतां पतंग चालूं लागला, बोलतां बोलतां तो जागच्या जागीं राहूं लागला, कीं मग तीन मीटरचा चार दोऱ्यांचा पतंग आणि फळी.

चार दोऱ्यांचा पतंग घेण्यास कारण आहे. त्याच्या मागील कडेला दोन दोऱ्या जातात त्या लगामासारख्या. मुठींना मनगटांत अडकवावयाचे पट्टे असतात. मुठी सोडून दिल्या कीं ते पट्टे मागच्या दोऱ्या खेंचतात, पतंग मिटतो आणि जमिनीवर येतो. संकटांत माणसाचा हात आपोआप घट्ट आवळतो, सोडीत नाहीं. म्हणून मुठी सोडण्याचा सराव हलक्या वाऱ्यांत दहा-वीस वेळां मुद्दाम करावा. कमरेला पट्टा बांधून पतंग त्यास अडकविण्याची सोय नवशिक्यानें वापरूं नये. दोरी हाताला किंवा बोटाला कधींही गुंडाळूं नये. या दोऱ्यांना कांचेचा लेप नसतो, परंतु ताणलेली बारीक दोरी चामडी कापते. नायलॉनच्या मांजानें गळे कापले गेले म्हणून राष्ट्रीय हरित लवादानें २०१७ सालीं त्यावर देशभर बंदी घातली. तेव्हां आपल्या दोऱ्यांच्या टप्प्यांत दुसरा कोणी, विशेषतः कुतूहलानें धांवत येणारें मूल, येणार नाहीं ही जबाबदारी पतंग धरणाराची आहे. डोक्याला शिरस्त्राण आणि गुडघे, कोंपर, मनगटें यांना गाद्या हव्यातच.

कायद्याचीही एक गंमत आहे. १९३४ च्या विमान-कायद्यानें 'विमान' या शब्दाच्या व्याख्येंत पतंगालाही बसविलें होतें; त्या कायद्याची जागा आतां २०२४ च्या कायद्यानें घेतली आहे. लोहगांवचा विमानतळ निघोजे गांवापासून फार दूर नाहीं, म्हणून लांब दोऱ्या जोडून पतंग फार उंच चढविण्याचा मोह धरूं नये. फळीवरून जाण्यासाठीं पंचवीस मीटर पुरे होतात.

राहिला पैशाचा प्रश्न, आणि घरांतील वडील माणसें तो विचारणारच : आज तीन मीटरचा घेतला, वर्षानें हात बसला कीं पांच मीटरचा घ्यावा लागेल, मग पहिला वायां नाहीं का गेला? सदऱ्याचा न्याय येथें लागत नाहीं. पांच मीटरचा पतंग उद्यां घेतला तरी तो मंद वाऱ्याच्या दिवसांसाठीं, पानें हालतात पण कपटे उडत नाहींत अशा दिवसांसाठीं. ज्या दिवशीं कपटे उडतील त्या दिवशीं पांच मीटरचा पिशवींतच राहील आणि बाहेर निघेल तो जुना तीन मीटरचाच. जे पुष्कळ वर्षें खेळतात त्यांच्याजवळ एक मोठा पतंग नसतो. दोन-तीन मापांचे पतंग असतात, आणि मैदानावर पोंचून वारा पाहिल्यावर त्यांतील कोणता काढावयाचा हें ते ठरवितात. अनेकदां ते त्यांतील एकही काढीत नाहींत. पिशवी खांद्याला लावून परत जातात.

वापरलेला पतंग स्वस्तांत मिळत असेल तर घेण्यास हरकत नाहीं. मात्र कापड उजेडासमोर धरून शिवणी पहाव्या आणि चारही दोऱ्या एका खुंटीला अडकवून त्यांची लांबी सारखी आहे कीं नाहीं तें पहावें. एक दोरी चार बोटांनीं जरी ताणली गेली असेल, तरी पतंग सदा एकाच बाजूला वळतो, आणि नवशिक्याला वाटतें कीं दोष आपल्या हाताचा आहे.